मोटारीचा मुक्काम

१२ नोव्हेंबर १९४९

आजपासून रोजनिशी लिहायला घेतली आहे. हौस म्हणून नव्हे. प्रकरण कुठवर जाईल सांगता येत नाही, आणि कोण केव्हा काय बोलले याची लेखी नोंद असलेली बरी. तेव्हा जे घडेल तेच लिहीन, माझ्या विरुद्ध जाणारे असले तरी. अर्थात तसे काही असणार नाही.

मी कमळाकर खातू, किराणा-भुसार व्यापारी, पनवेल. नेऱ्याच्या काशिराम पाटलाबरोबर भागीत मी लष्कराच्या लिलावातली एक शेवरलेट घेतली. इथल्या बैलगाड्या करणाऱ्या सुतारांकडून तिच्यावर बाके आणि टप बसवून घेतला आणि पनवेल–नेरे मोटार चालू केली. पैसा निम्मा माझा, निम्मा त्याचा. कष्ट ड्रायव्हर दयारामाचे. सगळे सुरळीत चालले होते. काशिराम रोज मोटारीतून यायचा, दुकानाच्या फळीवर बसून चहा घ्यायचा, आणि आम्ही तासन्‌तास कशाबद्दल बोलायचो ते आता आठवतही नाही.

वाद एवढाच, की मोटार रात्री मुक्कामाला कुठे उभी राहावी. माझे म्हणणे, माझ्या दुकानापुढे. मोटार दारात उभी असली की दुकानाला एक भारदस्तपणा येतो, हा सरळ व्यापारी मुद्दा आहे. काशिराम म्हणतो, "रातचा पनवेलशी नेऱ्याला कोन जातो, शेट? सकालची आमची मानसं बाजारला येतात. गारी नेऱ्याला नसली तं ती येनार कशी?" हा निव्वळ हट्ट आहे. गेल्या आठवड्यात त्याने मला न विचारता मोटार दोन रात्री नेऱ्यास ठेवली. मी दयारामाबरोबर लेखी नोटीस पाठवली. काशिरामाला वाचता येत नाही, म्हणून दयारामानेच ती चावडीपुढे मोठ्याने वाचून दाखवली. तेव्हापासून काशिराम चहाला आला नाही.

१५ नोव्हेंबर

वेणू, म्हणजे आमचे कुटुंब, म्हणाली, "नोटीस कशाला धाडलीत? नेऱ्याला जाऊन त्यांच्या ओटीवर जरा बसला असता तर भावोजींनी आपणहून काय ते केलं असतं."

मी म्हटले, जाऊ कसा? त्यासाठी त्याच मोटारीत बसावे लागेल.

कोर्टात मात्र मी जाणार नाही. आमच्या चुलत्यांनी एका गटारासाठी अलिबागला दावा लावला होता. चुलते गेले, प्रतिवादी गेला, गटारही बुजले. दावा चालू आहे. शहाण्या माणसाने लवाद नेमावा. दोघांना मान्य असा कायदेपंडित गाठायचा, त्याच्यापुढे बसायचे, आणि कोर्टाची पायरी न चढता झटपट निकाल घ्यायचा. काशिरामाकडे तसा निरोप धाडला. तो म्हणाला, "चालंल."

२२ नोव्हेंबर

लवाद मिळणे वाटले तितके सोपे नाही.

काशिरामाने गावचे पाच पंच सुचवले. चौकशी केली तेव्हा तिघे त्याचे चुलतभाऊ निघाले, एक मेहुणा, आणि पाचवा ठार बहिरा. मी आमच्या आळीतले निवृत्त हेडमास्तर सुचवले. काशिरामाने उलट निरोप धाडला, "मास्तर तुमचे दुकानाची साखर खातो. तो गोरच बोलनार."

मग ॲडव्होकेट टिपणीस यांचे नाव निघाले. काशिरामाचा खारबंदिस्तीचा, म्हणजे खाडीकाठच्या बांधाचा, दावा त्यांनी चालवला होता, तो हरले. माझा एका व्यापाऱ्याविरुद्धचा दावाही त्यांनीच चालवला, तोही हरले. आम्हां दोघांना सारखेच बुडवलेला माणूस पनवेलात दुसरा नाही. याहून निःपक्षपाती कोण मिळणार? दोघांनीही लगेच होकार दिला. कितीतरी दिवसांनी आमचे एका गोष्टीवर एकमत झाले, याचा मला मनातून आनंदच झाला.

२९ नोव्हेंबर

पहिली बैठक. टिपणीससाहेबांचा बंगला मिरची गल्लीपलीकडे, पुढे प्रशस्त आवार. साहेब गोरे, स्थूल, डोळे अर्धवट मिटून ऐकतात. त्यांनी आम्हांला दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसवले.

"वाद कधीपासूनचा?" त्यांनी विचारले.

मी म्हटले, "महिना झाला असेल."

"म्हणजे अजून कोवळा आहे," साहेब म्हणाले, आणि लवादनाम्यावर सह्या व अंगठा घेतला.

मग त्यांनी असा काही तात्पुरता हुकूम दिला की मी थक्क झालो. वाद मुक्कामाचा, म्हणून निवाडा होईतो मोटारीने ना पनवेलास राहावे ना नेऱ्यास. तिने तटस्थ जागी राहावे. तटस्थ जागा म्हणजे साहेबांचे आवार. उभयपक्षांच्या लेखी संमतीशिवाय तिला कोणी हलवू नये. मात्र यंत्र गंजू नये म्हणून लवादाने ती अधूनमधून चालवावी.

काशिराम म्हणाला, "आन् दिवसाची?" दिवसा ती आवारातून निघाली म्हणजे पनवेलातून निघाल्यासारखे होईल आणि शेटचे म्हणणे खरे ठरेल, अशी त्याला शंका. साहेबांनी डोळे पूर्ण उघडले. म्हणाले, "मार्मिक हरकत आहे." आणि दिवसाच्या फेऱ्याही बंद केल्या.

बाहेर पडताना वाटले, काशिरामाला म्हणावे, चल चहा घेऊ. पण प्रकरण चालू असताना प्रतिपक्षाबरोबर चहा घेणे बरे दिसले नसते.

१८ डिसेंबर

बाजारातून येताना पाहिले. काशिरामाचा गडी साहेबांच्या मागच्या दाराने आत गेला. त्याच्या खांद्यावरच्या पाटीतून जिताडा माशाची शेपटी बाहेर लोंबत होती. काशिरामाच्या खारीतल्या तळ्यात एवढे मोठे जिताडे होतात याची मला कल्पना आहे. मागे ते आमच्याकडे येत असत.

ही सरळसरळ लाच आहे. मी त्याच संध्याकाळी उत्तम चहाचा डबा, काजू आणि वेलदोडे घेऊन गेलो, केवळ समतोल राहावा म्हणून. साहेबांनी दोन्ही गोष्टी सारख्याच प्रसन्नपणे स्वीकारल्या. मासा लागला म्हणून त्यांनी पारडे तिकडे झुकू दिले नाही. असा माणूस विरळा.

२६ जानेवारी १९५०

प्रजासत्ताक दिन. गावात मोठी मिरवणूक निघाली. सर्वांत पुढे आमची मोटार, आंब्याच्या डहाळ्यांनी आणि झेंडूने सजवलेली. पुढच्या बाकावर फेटा बांधून टिपणीससाहेब. मागे त्यांची मुले, पुतणे, भाचे आणि एक मोठा ग्रामोफोन. मोटार चालवत होते साहेबांचे मेहुणे. ते हल्ली गाडी शिकत आहेत.

लोक टाळ्या वाजवत होते. मी शेजारच्या शिंप्याला म्हटले, "ती आमची मोटार."

तो म्हणाला, "हो का? मला वाटलं वकीलसाहेबांनी घेतली."

गर्दीत पलीकडे काशिराम दिसला. मोटार कोपऱ्यावर वळताना तिचा मागचा टप दुकानाच्या पाटीला घासला तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच "अरे अरे" केले, आणि मग एकमेकांकडे पाहिलेच नाही असे दाखवून दुसरीकडे पाहिले.

१४ फेब्रुवारी

तिसरी बैठक. आजचा विषय, "मुक्काम" या शब्दाचा अर्थ. साहेबांनी दोन शब्दकोश आणि एक जुना सरकारी ठराव वाचून दाखवला. दुपारपर्यंत "मु" हे अक्षर फारसी की अरबी यावर चर्चा झाली. काशिरामाला झोप लागली. मी मात्र जागा राहिलो आणि बरेच शिकलो.

साहेब म्हणतात, घाईने दिलेला न्याय हा न्याय नव्हे. पुढची बैठक शिमग्यानंतर.

परत येताना शुक्री कातकरीण भेटली. डोंगरातून लाकडाची मोळी घेऊन येते. पूर्वी मोळी टपावर टाकून मोटारीने यायची. आता चालत येते, म्हणून दुपार होते आणि तोवर गिऱ्हाईक निघून जाते. तिने विचारले, "शेट, मोटार कदी सुरू व्हनार?" मी तिला लवाद म्हणजे काय, कोर्टाहून तो किती जलद, हे सविस्तर समजावले. ती मोळी डोक्यावर घेऊनच सगळे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजी नाय सुरू व्हनार." या लोकांना कायद्याची कल्पना देणे कठीण.

९ मार्च

आज जे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

भर दुपारी काशिराम दुकानात आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. सायकल फळीवर आदळली आणि धापा टाकत उभा राहिला. त्याची सून मालू अडली होती. पहिलीच खेप. गावच्या सुईणीने हात टेकले आणि पनवेलच्या दवाखान्यात न्या म्हणाली. "बैलगारीत घालून माजी बायको सखू तिला घेऊन निंगाली हाय, पन बैल कवा पोचनार? शेट, मोटार पायजे. मी मोटार घेऊन आरवा जातो त्यांना."

मी म्हटले, "जरूर. पण उभयपक्षांची लेखी संमती लागेल."

मी कागद घेतला आणि मसुदा केला: प्रस्तुत संमतीने कोणत्याही पक्षाच्या हक्कास बाध येणार नाही, वगैरे. एक प्रत लवादाला, एक आम्हांला, म्हणून दोनदा लिहिले. काशिरामाने अंगठा घाईने टेकवला, ठसा पुसट आला, आणि मी त्याला पुन्हा लावायला सांगितले. हे मी लिहितो आहे, कारण जे घडले ते लिहायचे ठरले आहे.

मग आम्ही धावत साहेबांच्या बंगल्यावर गेलो. आवार रिकामे होते. मोटारीच्या जागी तेलाचा काळा डाग आणि त्यावर दोन कोंबड्या. नोकर म्हणाला, साहेब मंडळींसह पालीच्या गणपतीला गेले आहेत, यंत्र गंजू नये म्हणून, दिवेलागणीला येतील.

माझ्या हातात संमतीपत्राच्या दोन्ही प्रती होत्या. त्या कोणाला द्याव्यात कळेना. काशिराम त्या डागाकडे पाहत होता. मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते.

परत येतो तो बैलगाडी आमच्या दुकानापुढेच उभी. मालूला पुढे नेण्यासारखी स्थिती नव्हती. वेणूने मला न विचारता तिला माजघरात घेतले होते, मोटार बंद झाल्यापासून दुकानातच काम करणाऱ्या दयारामाला दवाखान्यातल्या नर्सबाईंना आणायला पिटाळले होते, आणि गिऱ्हाइकांना बाहेर काढून दुकानाच्या फळ्या लावल्या होत्या. मी आत डोकावलो तर सखूबाई ओरडली, "तुमी भायेर ऱ्हावा!" माझ्याच घरात.

आम्ही दोघे पायरीवर बसलो. आतून मालूचा आवाज येई, मग थांबे. थांबला की जास्त भीती वाटे. काशिराम गुडघ्यांत डोके घालून बसला आणि त्याची पाठ हलू लागली. मी त्याच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला होता. मग मनात आले, प्रकरण चालू आहे. हात परत घेतला आणि त्याला तांब्याभर पाणी आणून दिले.

उन्हे उतरताना मूल रडले. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

काशिराम उठला आणि बंद दुकानाच्या फळीवर जाऊन बसला, पूर्वी चहा पिताना बसायचा तसा. मी आत जाऊन गूळ आणला.

११ मार्च

टिपणीससाहेबांकडे जाऊन विचारून आलो: प्रतिपक्षाची सून बारा दिवस माझ्या घरात राहणार, प्रतिपक्ष येणार-जाणार, याने माझ्या बाजूस काही बाध? साहेबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "बाळंतीण उभयपक्षी समजावी. परंतु उभयपक्षांनी परस्परांशी थेट बोलू नये."

मोटारीबद्दल त्यांनी आपणहून खेद व्यक्त केला. पालीच्या वाटेत तिच्या स्प्रिंगचा एक पाटा मोडला म्हणे.

१७ मार्च

घरात गोंधळ आहे. सखूबाई आमच्या चुलीवर तिच्या तांदळाच्या भाकऱ्या करते आणि वेणू तिच्याकडून शिकते. दोघींचे हसणे दुकानापर्यंत ऐकू येते. मी आणि काशिराम साहेबांचा हुकूम काटेकोर पाळतो.

आज तो आला तेव्हा मी वेणूला म्हणालो, "त्यांना विचार, चहा घेणार का."

काशिराम तिला म्हणाला, "वयनी, शेटना सांगा, घेन."

"विचार, गूळ की साखर."

"सांगा, त्यांना म्हायती हाय."

वेणूने दोन कप आमच्या मध्ये आदळले आणि म्हणाली, "माझ्या हातात पोर आहे. मला तुमच्या दोघांचा टपाल्या व्हायला वेळ नाही." आणि आत गेली. मग आम्ही चहा घेतला. काही वेळाने काशिराम समोरच्या खांबाला उद्देशून म्हणाला, यंदा नेऱ्याला वाल बरा हाय. मी त्याच खांबाला म्हटले, पनवेलात भाव पडलाय. असे बरेच बोलणे झाले. थेट नव्हे.

२१ मार्च

बारसे आमच्याच घरी झाले. मालूला माहेर नाही, आईबाप लहानपणीच गेले. सखूबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरीचा माह्यार आता ह्याच." वेणूने डोळ्याला पदर लावला. माझ्याही डोळ्यात काही गेले; मिरचीची पोती जवळच होती.

४ मे

जिल्ह्याहून कागद आला आहे. आमच्या मार्गाचा परवाना संपतो. चालू ठेवायचा तर दोन्ही भागीदारांनी अर्जावर सही करावी. शिवाय सरकारी मोटारी लवकरच पळस्प्याच्या आणि नेऱ्याच्या बाजूस येणार अशी बोलवा आहे.

साहेबांचा सल्ला घेतला. ते म्हणाले, "जो आधी सही करील त्याने मोटार चालू राहण्यात आपला स्वार्थ अधिक असल्याचे कबूल केल्यासारखे होईल." मी आधी सही करणार नाही. साहेबांनी हाच सल्ला काशिरामालाही दिला, हे त्यांनीच मला सांगितले. आडपडदा म्हणून नाही त्यांच्याकडे.

अर्ज टेबलावर पडला आहे. मुदत उद्या संपते.

२० जून

निवाडा!

साहेबांनी तो उभे राहून वाचला. भाषा इतकी भारदस्त की अंगावर काटा आला. मुक्काम ही जागा नसून अवस्था आहे, असे त्यांनी सिद्ध केले. वादी व प्रतिवादी दोघांचेही म्हणणे अंशतः ग्राह्य व अंशतः अग्राह्य ठरले. तथापि परवाना संपल्यामुळे मोटारीला आता प्रवास नाही, आणि जिला प्रवास नाही तिला मुक्कामही असू शकत नाही. सबब वाद मुळातच निकाली निघाला. मोटार विकावी आणि लवादाची फी, आवाराचे भाडे व पाट्याची दुरुस्ती वजा जाता उरेल ते निम्मे-निम्मे घ्यावे.

गिऱ्हाईक शोधायचा त्रासही साहेबांनी पडू दिला नाही. त्यांच्या मेहुण्यांनीच मोटार घेतली. टप काढून विटा वाहणार आहेत. हिशेब चोख जमला. उरले काही नाही, पण द्यावेही लागले नाही.

कोर्टात गेलो असतो तर अजून पहिली तारीखही लागली नसती.

बाहेर आल्यावर काशिराम म्हणाला, "जालं काय नक्की, शेट? मी जितलो का तुमी?" मी त्याला समजावले की लवादात हार-जीत नसते. तो म्हणाला, "तं मंग आता बोलाया हरकत नाय ना?"

मी म्हटले, नाही.

मग दोघे बरोबरच चालत दुकानापर्यंत आलो.

२९ ऑक्टोबर

सरकारी मोटार चालू झाली. मी आणि वेणू आज तिने नेऱ्याला गेलो. मालूच्या मुलीला बघायचे होते. मोटार नवीकोरी, बाके मऊ, कंडक्टर उद्धट. मला त्याने मागे बसवले. मी कोण हे सांगणार होतो, पण सांगायचे काय ते चटकन ठरेना.

पोरगी गुटगुटीत आहे. माझ्या मांडीवर बसून तिने माझी टोपी खाल्ली. काशिरामाच्या ओटीवर मी पहिल्यांदाच इतका वेळ बसलो. समोर खळ्यात भात झोडत होते. जेवणानंतर तो हळूच म्हणाला, "शेट, ह्या भागात भाताची गिरन नाय. आपुन दोगं घालूं."

माझ्या मनात एकदम पंधरा मुद्दे आले. मी म्हटले, "घालू. पण या खेपेला आधी सगळं लेखी. भागीदारीचा करारनामा, त्यात प्रत्येक कलम—"

काशिराम भाताच्या राशीकडे बघत म्हणाला, "शेट, कागूद करायचा आसंल तं गिरन नको. गिरन करायची तं कागूद नको. तुमी ठरवा."

असे करणे व्यापाराच्या सर्व नियमांविरुद्ध आहे. पोरगी मांडीवर झोपली होती, त्यामुळे उठून जाताही येईना. शेवटी मी हात पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला.

हे वेणूला सांगायला धीर होत नव्हता. एवढा मोठा व्यवहार, आणि कागदाचा चिटोरा नाही. ती काळजी करील. परतीच्या मोटारीत कसेबसे सांगून टाकले. ती खिडकीबाहेर पाहत होती. पदर तोंडाशी धरून इतकेच म्हणाली, "बरं झालं."

तिला व्यवहारातले काही कळत नाही.